कोरियन हानजॉंगशिक भोजन : आहारविधीच्या कसोटीवर

आहारासंबंधी रुग्णांकडून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पुष्कळ पालटले आहे. दही केव्हा खावे, केळी व दूध एकत्र घ्यावे काय, हे प्रश्न अजूनही विचारले जातातच. परंतु पुण्यासारख्या नगरात चिकित्सा करणाऱ्या वैद्याला आता ‘किमची खाल्ली तर चालेल का?’ असेही विचारले जाते. रांजणगाव व तळेगाव या औद्योगिक परिसरांत कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तेथील अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी निघालेल्या भोजनगृहांत आपली तरुण मंडळीही जाऊ लागली आहेत. ज्यांनी तो देश कधी पाहिलेला नाही, त्यांनाही तेथील मालिकांमुळे त्या पदार्थांचे कुतूहल वाटते.

या प्रश्नाला वैद्यवर्गाकडून सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. पहिले असे, की आंबवलेला, तिखट व विदेशी पदार्थ म्हणून तो सर्वस्वी वर्ज्य. दुसरे असे, की त्यात उपकारक जीवाणू असतात म्हणून तो सर्वांना हितकर. उच्च रक्तदाबाच्या एका रुग्णाच्या पथ्यपत्रकात ‘रोज किमची’ असे लिहून दिलेले प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या रुग्णाचे मीठ कमी करण्याची सूचनाही त्याच पत्रकात वरच्या ओळीत होती! दोन्ही उत्तरांत द्रव्याची परीक्षा झालेली नाही, ही खरी अडचण आहे.

परदेशीय अन्नाचा विचार करणे शास्त्राला परके नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात बाह्लीक, पह्लव, चीन, यवन, शक इत्यादी जनांची आहारसात्म्ये नोंदवून ठेवली आहेत, आणि औषध देताना वैद्याने ती ध्यानात घ्यावीत असे सांगितले आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील अष्ट आहारविधिविशेषायतने तर कोणत्याही देशाच्या ताटाला लावता येतात. सदर लेखात त्यांच्या आधारे कोरियातील ‘हानजॉंगशिक’ या संपूर्ण भोजनप्रकाराचा विचार करावयाचा आहे. सोल नगरीच्या इन्सादोंग भागातील एका उच्च दर्जाच्या भोजनगृहात, नोव्हेंबरच्या अखेरीस, असे मध्यान्हभोजन घेण्याचा योग लेखकास आला होता. विवेचनाच्या सोयीसाठी त्यातील पदार्थ उदाहरणादाखल घेतले आहेत.

भोजनाची मांडणी

कोरियन भोजनाचा गाभा म्हणजे भात, सार आणि किमची. त्यांच्या भोवती ज्या लहान वाट्या मांडल्या जातात त्यांना ‘बानचान’ म्हणतात. परंपरेने या वाट्यांच्या संख्येवरून ताटाचा दर्जा ठरे : ३, ५, ७, ९ आणि राजासाठी १२. भात, सार, किमची, रस्सा व तोंडी लावण्याचे सोयारस यांची गणना त्यात होत नसे. आपल्याकडे पानात वाढताना मीठ, लिंबू, चटणी यांना जागा असते पण ‘भाज्या किती?’ या हिशेबात ती धरली जात नाहीत, तसेच हे. चोसन राजघराण्याची पाककला लुप्त होण्याच्या बेतात असताना, राजवाड्यातील मुदपाकखान्यात सेवा केलेल्या हान हुई-सुन या अखेरच्या जाणकार स्त्रीकडून ह्वांग ह्ये-संग या विदुषीने ती शिकून घेतली व लिहून ठेवली. इ. स. १९७१ मध्ये कोरियन शासनाने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आजच्या महागड्या भोजनगृहांतील हानजॉंगशिकवर या राजवाड्याच्या परंपरेचा मोठा ठसा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजवाड्यातील दोन मुख्य भोजने सकाळी साधारण दहाच्या सुमारास व सायंकाळी पाचच्या सुमारास होत. मध्यान्ही राजाला शेवया अथवा पेज असा हलका आहारच दिला जाई. तेव्हा दुपारचे भरगच्च राजभोजन ही आधुनिक भोजनगृहांची निर्मिती आहे. आयुर्वेदाच्या दृष्टीने मात्र हा बदल एका अर्थी बरा, कारण मध्यान्ह हा पित्ताचा काल असून गुरू अन्न पचविण्यास तोच योग्य.

दराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. रात्रीच्या मानाने दुपारचे भोजन स्वस्त असते, तरी ते सामान्य माणसाच्या नित्याच्या आवाक्यातले नाही. सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आलेल्या लाचप्रतिबंधक कायद्याने सरकारी अधिकारी, पत्रकार व शिक्षक यांना दुसऱ्याने द्यावयाच्या भोजनाची मर्यादा ३०,००० वोन ठरविली होती (ऑगस्ट २०२४ मध्ये ती ५०,००० वोन झाली). या मर्यादेचा फटका हानजॉंगशिकच्या जुन्या भोजनगृहांना बसला. कित्येकांनी नेमक्या ३०,००० वोनांची दुपारची थाळी काढली. म्हणजे चरकाचार्यांनी ‘राशी’ सांगितली ती अग्नीच्या बळावर, आणि येथे ती कायद्याच्या कलमाने घटली!

भाताची पेज व कांजी

भोजनाचा आरंभ ‘चुक’ या पेजेने होतो. आमच्या पुढे आली ती तांबड्या भोपळ्याची होती. काळ्या तिळांची किंवा चिलगोज्याच्या जातीच्या बियांचीही करतात. आयुर्वेदीय परिभाषेत हिला विलेपी व यवागू यांच्या मधली म्हणता येईल. कोरियातील रुग्णालयांत शस्त्रकर्मानंतर किंवा दीर्घ आजारानंतर रुग्णाला आधी गाळलेली पातळ पेज (‘मिउम’), मग दाट पेज, व त्यानंतर भात असा क्रम दिला जातो. शोधनानंतरचा आपला संसर्जनक्रम जाणणाऱ्या वैद्याला हे वाचून समाधान वाटल्यावाचून राहणार नाही. आपल्या रुग्णालयांत मात्र पेजेची जागा पाव-बिस्किटांनी केव्हा घेतली ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

पेजेबरोबर एका वाटीत मुळ्याची पाणीदार किमची, ‘दोंगचिमी’, ठेवलेली होती. पांढऱ्या मुळ्याचे तुकडे मिठाच्या पाण्यात आले, लसूण वगैरे घालून कित्येक दिवस थंड जागी आंबू देतात व ते आंबट पाणी चमच्याने घेतात. ती चाखताना लेखकाला भावप्रकाशातील संधानवर्गाची आठवण झाली. तेथे कांजी, तुषोदक, सौवीर यांच्या पंक्तीत ‘शिण्डाकी’ नावाची एक कल्पना आहे. मुळ्याच्या पाल्याचा रस, मोहरी व तांदळाचे पीठ यांच्या संधानाने ती सिद्ध होते. ती रुचकर, गुरू आणि पित्त व कफ वाढविणारी आहे असे तिचे गुण सांगितले आहेत. शिण्डाकी म्हणजेच किमची, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मूळ, देश व कृती भिन्न आहेत. तथापि मुळा व मोहरीच्या कुळातील भाजी, लवण व तीक्ष्ण द्रव्यांसह आंबविणे हा समान धागा आहे, आणि गुणकर्मांचे अनुमान करावयाचे तर प्रारंभ येथूनच केला पाहिजे.

तांबडी किमची

सर्वत्र ओळखली जाते ती कोबीसारख्या लांबट चिनी भाजीची तांबडी किमची. भाजी आधी भरपूर मिठात मुरवतात, धुतात, आणि पानापानांत लाल मिरचीची पूड, लसूण, आले, कांद्याची पात व बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क यांचे मिश्रण भरतात. नंतर ती संधानासाठी ठेवली जाते. यातील मिरची तुलनेने नवी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या जपानी स्वाऱ्यांच्या सुमारास ती त्या देशी पोहोचली असे मानतात, आणि १६१४ च्या ‘जिबोंग युसॉल’ या ग्रंथात तिचा उल्लेख येतो. आपल्याकडेही मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेने आली. चरक-सुश्रुतांना जशी ती ठाऊक नव्हती तशीच जुन्या कोरियन वैद्यांनाही नव्हती. दोन्ही देशांत जी ‘परंपरेची चव’ म्हणून मिरवते ती साधारण चारशे वर्षांची आहे.

रसांच्या अंगाने पाहता तांबड्या किमचीत अम्ल, लवण व कटू यांचे प्राबल्य. वीर्य उष्ण, गुण तीक्ष्ण. वाताचे शमन, अग्नीचे दीपन व अन्नावर रुची ही तिची जमेची बाजू. पित्त व रक्त यांना ती दूषित करणार, आणि सूत्रस्थानाच्या विधिशोणितीय अध्यायात रक्तदुष्टीच्या हेतूंत अतिलवण, अम्ल व कटू यांची गणना आहेच.

आता काल व देश यांचा विचार करू. किमचीचा मोठा साठा नोव्हेंबरच्या अखेरीस व डिसेंबरच्या आरंभी कुटुंबे एकत्र येऊन करतात. ‘किमजांग’ नावाच्या या प्रथेची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरून ठेवीत. आज त्यासाठी घरोघर वेगळे शीतकपाट असते. सोलचा हिवाळा शून्याखाली जातो, भूमी गोठते, ताजी भाजी मिळत नाही. अशा हेमंतात बाहेरच्या थंडीने आत कोंडला गेलेला अग्नी बलवान असतो, आणि स्निग्ध, अम्ल व लवण रसांचा आहार घ्यावा असेच आपले ऋतुचर्येचे वचन आहे. त्या देशी, त्या काळी, तेथे जन्मलेल्या माणसाला किमची पथ्य आहे, हे आयुर्वेदाच्याच तर्काने सिद्ध होते. तेथील गृहिणीही उन्हाळ्यात कोवळ्या मुळ्याच्या पाल्याची किंवा काकडीची, कमी आंबलेली किमची करतात. म्हणजे ऋतुभेद त्यांनाही मान्य आहे. आपल्याकडच्या शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या उन्हात, संचित पित्त प्रकुपित झालेले असताना तीच मुरलेली किमची नित्य खाणे ही गोष्ट अगदी निराळी.

लवणाविषयी जरा अधिक लिहिणे आवश्यक आहे. पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अधिक प्रमाणात व दीर्घकाळ सेवू नयेत, असे विमानस्थानात स्पष्ट सांगितले असून, लवणाची अतिसवय असलेल्या प्रदेशांची नावे व त्यांच्यात दिसणारे खालित्य, पालित्य, शैथिल्य आदी परिणामही तेथे नोंदवले आहेत. कोरियन आहाराचा दुर्बळ भाग नेमका हाच. किमची, सोयारस, दोएनजांग नावाचे आंबवलेल्या सोयाबीनचे घट्ट वाटण, खारवलेली मासळी, वर मिठाचा रस्सा : प्रत्येक वाटीत लवण थोडे, पण एकूण पुष्कळ. राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन भेद आचार्यांनी का केले असतील, ते या ताटापुढे बसल्यावर उमगते. परिग्रहाने पाहिल्यास कोणतीही वाटी जास्त नाही; सर्वग्रहाने पाहिल्यास मात्रा केव्हाच ओलांडलेली असते, आणि बानचानच्या वाट्या मागितल्यास पुन्हा भरून मिळतात! जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीस दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांत कोरियाची गणना होते, आणि तेथे ४० वर्षांवरील नागरिकांची जठरतपासणी दर दोन वर्षांनी करण्याची राष्ट्रीय योजना आहे. या रोगामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू प्रमुख असून अतिलवण, खारवलेले अन्न हेही त्याच्या हेतूंत धरले जाते. तेव्हा अम्लपित्त, उच्च रक्तदाब, शोथ, शीतपित्त, त्वचाविकार वा वृक्कविकार असलेल्या रुग्णाला ‘जीवाणू चांगले’ एवढ्या एका आधारावर किमची लिहून देणे सर्वथा अयोग्य होय. वातप्रधान, मंद रुचीच्या, अन्यथा निरोगी व्यक्तीने थंडीत भाताबरोबर लोणच्यासारखे दोन-तीन तुकडे घेण्यास हरकत नसावी. आंबवलेल्या अन्नाचाच लाभ हवा असेल तर ताजे ताक आहे, नाचणीची आंबील आहे. ती आपल्या रुग्णाला ओकसात्म्यही आहेत.

संयोग, संस्कार व उरलेल्या वाट्या

विरुद्धाहाराच्या दृष्टीने कोरियन ताट अनेक पाश्चात्त्य ताटांपेक्षा निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. पारंपरिक पाककृतींत दुधाचे पदार्थ जवळजवळ नाहीतच (राजवाड्यातील दुधाची पेज हा अपवाद), त्यामुळे मत्स्य व दूध यांचा संयोग सहसा घडत नाही. आधुनिक कोरियन भोजनगृहांत चीज घातलेले तिखट पदार्थ मिळतात, ती गोष्ट वेगळी. आपल्या तरुणांना नेमके तेच आवडतात.

विरोध आढळतो तो मधाच्या बाबतीत. शेवटी येणारी ‘याकग्वा’ ही गोड वडी गव्हाचे पीठ, तिळाचे तेल व मध यांची असून ती तळून पुन्हा मधात किंवा पाकात मुरवतात. ‘याक’ म्हणजे औषध. मध हे औषध मानले जाई म्हणून हे नाव. आयुर्वेदातही मध औषध आहे, पण उष्णतेशी त्याचा विरोध सांगितला आहे. एकाच द्रव्याविषयी दोन परंपरांचा आदर सारखा असून संस्काराविषयी मते उलट आहेत, हे पाहणे उद्बोधक आहे.

पाच रंगांची कल्पनाही तेथे फार दृढ आहे. नऊ खणांच्या ‘गुजॉलपान’ तबकात मध्ये पातळ धिरडी व भोवती आठ खणांत हिरव्या, तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या व काळ्या रंगांचे बारीक चिरलेले जिन्नस असतात. हे रंग काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच तत्त्वांशी, आणि ती तत्त्वे आंबट, कडू, गोड, तिखट व खारट या पाच रसांशी जोडलेली आहेत. ही आपली पंचमहाभूते नव्हेत; तेथे आकाश व वायू नाहीत आणि काष्ठ व धातू आहेत, म्हणून तुलना करताना घाई नको. त्यांच्या रसगणनेत कषाय नाही, परंतु ताटात तो असतो : ओकवृक्षाच्या फळांपासून केलेल्या ‘दोतोरीमुक’ या थरथरत्या वडीत त्याचा तुरटपणा जिभेला स्पष्ट जाणवतो.

उपयोगसंस्था, म्हणजे भोजनाचे नियम, या बाबतीत कोरियन पद्धती पुष्कळ अंशी प्रशंसनीय आहे. ज्येष्ठाने चमचा उचलल्याशिवाय इतरांनी आरंभ करावयाचा नाही. भात डावीकडे, सार उजवीकडे. अन्न उष्णच येते. दगडी भांड्यातला रस्सा तर मेजावरही उकळत असतो. चपट्या धातूच्या गुळगुळीत काड्यांनी खाताना नवख्या माणसाकडून अतिद्रुत भोजन होणेच अशक्य, हा एक अनपेक्षित लाभ. भोजनानंतर भाताच्या भांड्यात तळाशी लागलेल्या खरपुडीवर गरम पाणी ओतून केलेले ‘सुंगन्युंग’ देतात. फिकट, किंचित जळकट वासाचे हे पाणी म्हणजे उष्णोदकाचे सुंदर अनुपान. त्यामागून दालचिनी, आले व सुकवलेले पर्सिमन फळ यांचे ‘सुजॉंगग्वा’ हे पेय आले. द्रव्ये दीपन-पाचन आहेत. ते बर्फासारखे थंड करून देतात, तेवढा भाग सोडावा.

जिनसेंग व प्रकृतिविचार

ताज्या जिनसेंगचे काप मधासह या ताटात कधीकधी येतात. अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणण्याची जी चाल पडली आहे ती आपल्या वैद्यांनी तरी सोडावी. दोन्ही वनस्पती भिन्न कुळांतील, त्यांचे गुणकर्म स्वतंत्रपणे वर्णिलेले, आणि अश्वगंधेला अशा उसन्या नावाची गरज नाही. खुद्द कोरियातही जिनसेंग सरसकट सर्वांना देत नाहीत. ली जे-मा (१८३७–१९००) या वैद्याने ‘दोंगुई सुसेबोवॉन’ या ग्रंथात अवयवांच्या बलाबलावरून मनुष्याच्या चार प्रकृती सांगितल्या. त्यांपैकी थंड व दुर्बळ पचनाच्या ‘सोउम’ प्रकृतीला जिनसेंग हितकर, तर उष्ण ‘सोयांग’ प्रकृतीला ते टाळावे असा संकेत आहे. वर्षातल्या सर्वांत उष्ण तीन दिवशी जिनसेंग घातलेला कोंबडीचा गरम रस्सा पिण्याची तेथील लोकरूढी आहे. उष्णतेने उष्णता जिंकावी, असे तिचे समर्थन केले जाते. उन्हाळ्यात बाह्य तापामुळे शरीराचे अंतर्बल क्षीण होते हे निदान आपल्यालाही मान्य. उपाय मात्र आपला मधुर, शीत, द्रव व लघू. दुसरीकडे, आज उन्हाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या थंड शेवया १८४९ च्या ‘दोंगुक सेसिगी’ या ग्रंथात हिवाळ्याचे अन्न म्हणून नोंदलेल्या आहेत. लोकरूढी व वैद्यकशास्त्र यांची सरमिसळ कोणत्याही देशात करू नये. त्या देशाचे वैद्यक पाहावयाचे तर हॉ जुन यांचा १६१३ मध्ये मुद्रित झालेला ‘दोंगुई बोगाम’ हा महाग्रंथ आहे. २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदींत त्याचा समावेश झाला.

शाकाहारी रुग्णांसाठी

शाकाहारी व्यक्तीला या भोजनगृहांत फार जपावे लागते. नुसत्या भाजीच्या वाटीतही मासळीचे पाणी असू शकते, आणि किमचीविषयी वर सांगितलेच आहे. प्रवासाला निघालेल्या रुग्णाला वैद्याने बौद्ध मठांच्या आहाराची माहिती द्यावी. सोलमध्ये जोग्ये संप्रदायाचे ‘बारू गोंगयांग’ हे या पद्धतीचे भोजनगृह असून मिशेलिन मार्गदर्शिकेच्या २०१७ ते २०१९ च्या आवृत्त्यांत त्याला एक तारा मिळाला होता. ‘बारू’ म्हणजे भिक्षूची पात्रे. मठात चार पात्रांत जेवून शेवटी ती किमचीच्या किंवा मुरवलेल्या मुळ्याच्या एका तुकड्याने पाण्यासह पुसून ते पाणीही पितात; कण वाया जात नाही.

मठाच्या स्वयंपाकात मांस व मत्स्य नाहीतच, शिवाय पाच तीक्ष्णगंधी वनस्पतीही वर्ज्य आहेत. मन चंचल करतात असे त्यामागचे कारण सांगतात. ही पाच म्हणजे लसूण, कांद्याची पात, लसणीच्या वासाची एक गवतासारखी पात, रानकांदा, आणि पाचवे ‘हुंग्गॉ’. हा शब्द म्हणजे संस्कृत ‘हिंगु’, बौद्ध ग्रंथांबरोबर चिनी भाषेतून तेथे गेलेला. हिंग कोरियात उगवत नाही, तेथील बाजारात सहसा दिसत नाही, बहुतेक स्वयंपाक्यांनी तो पाहिलेलाही नसतो. तरीही वर्ज्य पदार्थांच्या यादीत त्याचे नाव आजतागायत कायम आहे. या पाचांवाचून चव आणण्यासाठी भिक्षुणी सुकवलेली शिताके अळंबी, समुद्रातील केल्प वनस्पती, भाजलेल्या पेरिला बियांची पूड आणि वर्षानुवर्षे मुरलेला सोयारस वापरतात. किमची तेथेही असते, पण लसूण व मासळीविना, आल्याची. अम्लपित्ताचा रुग्ण कोरियाला जाणारच असेल, तर त्याच्या पथ्यपत्रकात या भोजनगृहांची नोंद करावी, आणि शेजारी ‘सोयारस वेगळा मागून थेंबभरच घ्यावा’ असे लिहावे.